टेकडीवरचे छोटे जीव: अगदी जवळून फोटो काढताना तुम्ही काय सांभाळता?

टेकडीकाठचा | ९ नोव्हेंबर, रात्री १०.४५

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस इथे नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

आठ महिन्यांपूर्वी १०० मिमी मॅक्रो लेन्स घेतली. तेव्हापासून आठवड्यातून तीन-चार दिवस पहाटे पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जातो. खाणीच्या कडेने गवतात शिरायचं, उन्हं तापली की उतरायचं आणि ऑफिस गाठायचं. चतुर, टाचण्या, उड्या मारणारे कोळी, ढालकिडे, सरडे, जे दिसेल त्याच्यापुढे गुडघे टेकायचे. या टेकडीवर मी दहा वर्षं चालायला जातोय. एवढं सगळं पायाखाली होतं आणि दिसलं नव्हतं, याचं अजून नवल वाटतं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली साधी आहे. डोळ्यावर फोकस केला की पाठ आणि पाय पार धूसर होतात. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) बारीक करून एफ १६ ला नेलं की सगळंच चित्र मऊ पडतं. आणि सरडा तर दहा फुटांवरूनच सटकतो. जाणकारांनी सांगावं.

दुसरी गोष्ट लिहायला जड जातेय. मागच्या आठवड्यात घाणेरीच्या झुडपात एक हिरवीगार लिंक्स कोळीण दिसली. पायांवर काळे काटे, डोकं खाली, आणि बोराएवढ्या गव्हाळ पिशवीला आठही पायांनी कवटाळून बसलेली. पिशवीत अंडी. मी जवळ गेलो तरी हलली नाही, उलट पिशवीवर आणखी घट्ट बसली. फ्रेममध्ये गवताची चार पाती आणि एक वाळकी काडी आडवी येत होती. पिशवीत छोटी कात्री असते, ती काढली आणि पाती छाटली, काडी मोडली. फोटो आजवरचे सगळ्यात चांगले आले.

तिसऱ्या दिवशी परत गेलो. पिशवी एका बाजूने फाटून लोंबत होती. कोळीण नव्हती. पिल्लंही कुठे दिसली नाहीत, आसपासच्या पानांवर, खालच्या गवतात, कुठेच नाहीत. पिशवीला सकाळचं ऊन थेट लागत होतं, आधी तिथे सावली असायची.

तो फोटो मी कुठेही टाकलेला नाही. तुम्ही काय सांभाळता, काय कधीच करत नाही, ते सांगा. मला शिकायचं आहे.

ओंबील | ९ नोव्हेंबर, रात्री ११.३०

आधी एक सांगतो, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

आता कात्रीबद्दल. ही कोळीण जाळं विणून त्यात भक्ष्याची वाट बघत नाही, मांजरासारखी दबा धरून शिकार करते. पण अंड्यांची पिशवी मात्र ती धाग्यांनी आजूबाजूच्या काड्यापानांना ताणून बांधते. तुम्हाला आडवी आलेली काडी बहुधा त्यातल्याच एखाद्या धाग्याचा खुंटा होती. गवताची पाती म्हणजे तिचा आडोसा. तो गेला की पक्ष्याला वरून दिसतं, मुंग्यांना वाट मोकळी होते. पिशवी नेमकी कशाने फाटली हे आता कोणीच सांगू शकणार नाही. पण पिल्लं नीट बाहेर पडली असती तर काही दिवस तिथेच घोळक्याने दिसली असती.

माझ्या पिशवीत कात्री नाही, कपडे वाळत घालायचे चार चिमटे आहेत. आड येणारं पातं चिमट्याने शेजारच्या काडीला हलकं धरून ठेवायचं, फोटो झाला की सोडायचं. पातं जागच्या जागी परत येतं. पण अंडी, कोष, घरटं किंवा पिल्लं असतील तिथे चिमटासुद्धा नाही. तिथे जे दिसतं तसंच, दिसेल तेवढंच. पान आडवं आलं तर आलं.

चतुर | १० नोव्हेंबर, सकाळी ७.१५

फोकसचं सांगतो, कारण यात थोडं गणित आहे आणि ते एकदा कळलं की डोकेदुखी जाते.

तुमची बॉडी एपीएस-सी (लहान सेन्सरची) असेल तर १:१ ला, म्हणजे किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा, एफ ११ ठेवलं तरी स्पष्ट दिसणारा थर जेमतेम एक मिलिमीटरच्या आत असतो. कोळ्याचे पुढचे डोळे आणि मागचे डोळे यांतच तो संपतो. वर १:१ ला प्रकाशाचे दोन स्टॉप जातात, म्हणजे एफ ११ लिहिलेलं असलं तरी काम एफ २२ सारखं होतं. एफ १६ ला गेलात की ते एफ ३२ च्या घरात. तिथे विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) सगळंच मऊ दिसणार, त्यात लेन्सचा दोष नाही.

उपाय: थोडं मागे या. १:२ वर (किडा अर्ध्या आकाराचा उमटेल तिथे) तोच एफ ११ ठेवला तर स्पष्टतेचा थर तिप्पट होतो. नंतर घरी क्रॉप करा, २४ मेगापिक्सेलमध्ये भरपूर उरतं. मागे आल्याचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे. १:१ ला १०० मिमीच्या लेन्सचं तोंड किड्यापासून वीतभरही लांब नसतं. एवढी मोठी काळी काच अंगावर आलेली कोणाला आवडेल?

दुसरं, सेन्सर आणि किड्याचं अंग समांतर ठेवा. चतुर बाजूने घ्यायचा तर शेपटीपासून डोळ्यापर्यंत सगळा एकाच पातळीत आला पाहिजे. ऑटोफोकस बंद करा, फोकस रिंग एका जागी ठेवा, आणि स्वतः श्वास सोडत केसभर पुढेमागे व्हा. डोळा टोकदार दिसला की तीन-चार फ्रेम.

आणि वेळ. डिसेंबर-जानेवारीत सूर्य उगवायच्या आधी जा. चतुर रात्रभर गवताच्या काडीला लटकलेले असतात, अंगभर दव. थंडीने त्यांचे पंखांचे स्नायू चालत नाहीत, ऊन लागून गरम होईपर्यंत ते उडूच शकत नाहीत. म्हणून तर फोटो मिळतो, आणि म्हणूनच तिथे फार जपून वागायचं. काडी हलली आणि चतुर खाली ओल्या गवतात पडला तर तो उठत नाही, मुंग्या येतात. मी ट्रायपॉडचा पायसुद्धा आधी हाताने गवत चाचपून मग टेकवतो.

सुगी | १० नोव्हेंबर, दुपारी १.०५

मॅक्रो लेन्स नसलेल्यांसाठी थोडं. मी पाच वर्षं स्वस्तातल्या साधनांवर काढली.

जुनी ५० मिमी लेन्स असेल तर कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. आत काच नसते, नुसती पोकळ नळी. ५० मिमी लेन्सला ५० मिमीची नळी म्हणजे १:१. झूम लेन्स असेल तर रेनॉक्स डीसीआर-२५० ही पुढे अडकवायची काच उत्तम, आठ डायॉप्टरची आहे. २५० मिमीच्या झूमवर खऱ्याच्या दुप्पट आकार मिळतो. किट लेन्स उलटी लावूनही होतं, पण रिंगने उलटी लावलेली लेन्स किड्याच्या अगदी नाकाशी जाते. माझ्या मते टेकडीवर ते नको, घरी मिठाच्या दाण्यांवर करून बघा.

फ्लॅश वापरत असाल तर डिफ्यूझर (प्रकाश पसरवणारा पडदा) हवाच. अप्पा बळवंत चौकातून ट्रेसिंग पेपर आणा आणि टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा पातळ फोम घ्या. फ्लॅश आणि किडा यांच्यामध्ये हे दोन थर, किड्याच्या जितके जवळ आणि जितके मोठे तितका प्रकाश मऊ. ढालकिड्याच्या चमकत्या पाठीवर पांढरे डाग पडायचे ते गेले. फ्लॅश १/३२ ताकदीवर ठेवला की झगमगाट इतका क्षणिक असतो की हात हलला तरी चित्र हलत नाही.

सराव करायला टेकडीच पाहिजे असंही नाही. घरच्या कढीपत्त्याच्या कुंडीत बघा. लाइम किंवा कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी मिळेलच. लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. तिला डिवचलं की डोक्यामागून दोन ओली शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. ते शिंगांचे फोटो काढायला लोक तिला मुद्दाम टोचतात. तो तिच्या घाबरण्याचा फोटो असतो. पानं खाताना काढा ना, किती सुंदर जबडे चालतात!

उपनगरवासी | १० नोव्हेंबर, रात्री ९.२०

सगळं वाचलं. पण एका कोळ्यासाठी एवढं मनाला लावून घ्यायचं का? टेकडीवर गुरं फिरतात, उन्हाळ्यात वणवे लागतात, पोरं क्रिकेट खेळतात. चार पाती छाटून काय होणार?

ओंबील | १० नोव्हेंबर, रात्री १०.१०

उपनगरवासी, आता पावसाळा संपलाय, एखाद्या रविवारी सकाळी आठ वाजता या, दाखवतो. जिथे सोशल मीडियावर एखादा चांगला फोटो येतो त्या झुडपाभोवती पुढच्या आठवड्यात गवत असं बसलेलं असतं की लांबून वर्तुळ दिसतं. दहा-पंधरा माणसं, प्रत्येकाची चार पाती. वणवा आम्ही थांबवायचा प्रयत्न करतोच, जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला पट्टा) काढायला जातो. तो आपल्या हातात पूर्ण नाही. कात्री पूर्ण आपल्या हातात आहे.

गवळण | ११ नोव्हेंबर, दुपारी ३.४०

मलाही एक सांगायचंय, दोन वर्षं मनात आहे.

पावसाळ्यात घाटातल्या एका नाइट ट्रेलला पैसे भरून गेले होते. आयोजकांनी आधीच सांगितलं होतं, चापडा (विषारी हिरवा साप) नक्की दिसणार. नक्की कसा, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. रात्री दहाला एका वळणावर थांबवलं, आणि बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, मोकळ्या फांदीवर हिरवा चापडा. आम्ही चौदा जण. प्रत्येकाचे फ्लॅश. तो तोंड लपवायला वेटोळ्यात डोकं घालत होता आणि एक जण काडीने ते डोकं बाहेर आणत होता. परत निघताना मी मागे राहिले होते, म्हणून दिसलं. त्यांनी त्याला उचलून झाकणाच्या डब्यात घातलं. पुढच्या गटासाठी.

माझ्या कार्डात त्या रात्रीचे ६२ फोटो आहेत. एकही उघडवत नाही.

आता ट्रेलला जाण्याआधी विचारते: प्राणी हाताळता का, एकेकासमोर किती वेळ थांबता, किती माणसं असतात. 'नक्की दिसणार' असं कोणी म्हणालं की नाव काढून घेते.

माळरान | ११ नोव्हेंबर, रात्री ८.५०

सरड्यांचं राहिलं होतं, ते माझ्या आवडीचं.

सरडा पळतो तो तुमच्या दिशेमुळे. सरळ त्याच्याकडे चालत आलेला उभा प्राणी म्हणजे त्याच्या हिशोबात शिकारी. तिरके जा, थांबा, दुसरीकडे बघा, बसा. सावली त्याच्यावर पडू देऊ नका. त्याने मान वरखाली करायला सुरुवात केली की जागीच थांबा. त्याने खाणं, ऊन खाणं पुन्हा सुरू केलं तरच पुढचं पाऊल. एका टप्प्यानंतर पुढे जायचंच नाही, पोटावर पडून राहायचं. फिरते सरडे पुष्कळदा स्वतःच जवळ येतात.

याबाबत साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठाराची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथला गळ्याशी पंखा उघडणारा सरडा २०१६ मध्ये नवी जात म्हणून नोंदला गेला, शास्त्रीय नाव सराडा सुपर्बा. ते 'सराडा' आपल्या मराठी 'सरडा'वरूनच घेतलंय. विणीच्या काळात नर दगडावर चढून निळा, काळा, नारिंगी पंखा उघडमीट करतात. तिथे पवनचक्क्या आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तिथे अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले. त्यामुळे सरडे वाढले, आणि माणसाला जास्त जवळ येऊ द्यायला लागले. त्यांचे रंगही फिके निघाले.

मी तिथे काढलेल्या फोटोंचं फार कौतुक झालं होतं, किती जवळ गेलास म्हणून. तो अभ्यास वाचल्यावर कळलं की माझं कौशल्य त्यात कमी होतं आणि आकाशातून नाहीसे झालेले पक्षी जास्त. त्या सरड्याचं न पळणं म्हणजे त्या पठाराचं काहीतरी बिघडलेलं होतं. तेव्हापासून टेकडीवरचा सरडा दहा फुटांवरून पळाला तर मला बरं वाटतं. त्याचं सगळं ठीक चाललंय.

निवृत्त_मास्तर | १२ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

धागा फार आवडला. माझ्याकडे फक्त फोन आहे.

आम्ही लहानपणी मृगाचे किडे काडेपेटीत भरायचो. मृग लागला, पहिला पाऊस झाला की शेतात लाल मखमलीचे थेंब चालल्यासारखे दिसायचे. ८ जूनच्या आसपास दोन-चार दिवस, मग वर्षभर नाहीत. संध्याकाळपर्यंत काडेपेटीत सगळे मेलेले असायचे. यंदा नातीला घेऊन तळजाईच्या बाजूला गेलो, तिथे एक दिसला. पहिल्यांदाच फोनमधून मोठा करून पाहिला. आठ पाय! म्हणजे किडा नव्हेच, कोळ्यांच्या भाऊबंदांतला. पुढचे दोन पाय आंधळ्याच्या काठीसारखे जमीन चाचपत होते आणि पाठीवरची लव वाऱ्याने एका बाजूला पडत होती. नात म्हणाली, आजोबा, याला घरी नेऊया. मी म्हटलं, याच्याबरोबर आपणच थोडं चालूया. वीस मिनिटं चाललो, वीतभर रस्ता झाला असेल.

फोनवरून अजून चांगलं येण्यासाठी काय करावं?

सुगी | १२ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

मास्तर, काय सुंदर लिहिलंत!

फोनचं थोडक्यात: वेगळा '२ मेगापिक्सेल मॅक्रो' कॅमेरा असेल तर तो विसरा. मुख्य कॅमेऱ्यानेच, दुप्पट झूम करून, थोड्या अंतरावरून काढा. स्वतःची सावली पडू देऊ नका. फोन हातात धरण्याऐवजी कोपर जमिनीला टेकवा. आणि ठिकाणाची नोंद बंद करा, नाहीतर फोटोबरोबर अक्षांश-रेखांशही जातात.

माळरान | १२ नोव्हेंबर, सकाळी १०.००

ठिकाणाबाबत सुगीला दुजोरा. चापडा, झाडावरचे मोठे टॅरंटुला, असे जीव चोरून विकले जातात. आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदींच्या संकेतस्थळावर) नोंद करताना 'ऑब्स्क्युअर्ड' निवडलं की नेमका बिंदू न दिसता साधारण वीसेक किलोमीटरचा चौकोन दिसतो. अभ्यासाला उपयोग होतो आणि झुडूप कोणाला सापडत नाही.

सह्यवाट | १२ नोव्हेंबर, रात्री ९.४५

तुमच्या जिवाचंही बघा, ते कोणी लिहिलं नाही. मॅक्रोवाल्याची सगळी नजर दोन इंचांवर असते आणि गुडघे गवतात. पुण्याच्या टेकड्यांवर घोणस आहे, थंडीत उन्हाला येऊन पडते, आणि वाळक्या पानांत शेजारी असून दिसत नाही. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार आला तर आहे तिथेच थांबून हळू मागे या. गुडघा टेकण्याआधी काठीने गवत हलवा. घोट्याच्या वर जाणारे बूट. दगड उलटवू नका, त्याखाली विंचू असतो, आणि उलटवलेला दगड तसाच ठेवला तर खालचं सगळं उन्हाने मरतं. चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. अवयव हलवायचा नाही, १०८ ला फोन आणि थेट मोठं रुग्णालय.

आणखी एक: डास पळवायचं मलम हाताला असेल तर बेडकाच्या वाटेला जाऊ नका. त्याची कातडी सगळं शोषून घेते. (शिवाय त्यातलं डीट लेन्सच्या रबराला आणि प्लास्टिकलाही खातं.)

टेकडीकाठचा | ३० नोव्हेंबर, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला वेळ घेतला, कारण आधी जाऊन बघायचं होतं.

कात्री घरी ठेवली, चिमटे घेतले. तीन आठवड्यांत चिमटा दोनदाच वापरला. १:२ वर आलो आणि खरंच अर्ध्या अडचणी गेल्या.

काल त्याच घाणेरीपासून वीस पावलांवर एका पानावर उडी मारणारा कोळी होता, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. मी बसलो. तो पानाच्या खाली गेला. कॅमेरा मांडीवर ठेवून बसून राहिलो, साधारण अर्धा तास. मग पानाच्या कडेवरून आधी दोन पाय आले, मग ते समोरचे दोन मोठे काळे डोळे. त्याने मला पाहिलं, अंग वळवून नीट पाहिलं. मी लेन्स हळू वर आणली. काचेत त्याला बहुधा स्वतःचंच रूप दिसलं, कारण त्याने पुढचे दोन्ही पाय ताठ वर केले, जसे दुसऱ्या कोळ्यापुढे करतात. चार फ्रेम घेतल्या आणि लेन्स खाली केली. त्याने पाय खाली घेतले, तोंडापुढचे छोटे हात एकावर एक घासले, आणि एका माशीकडे वळला. मी उठलो तेव्हा तो माशीच्या मागे होता.

चारपैकी एक फ्रेम नीट आलीय. एक पातं आडवं आहे, डाव्या पायावरून गेलेलं. ती उद्या इथे टाकतो.

कोळिणीचा फोटोही टाकणार आहे, खाली कात्रीची हकिकत लिहून. ओंबील, तुम्ही रविवारी असता का टेकडीवर? जाळरेषेच्या कामाला यायचं आहे.

ओंबील | ३० नोव्हेंबर, रात्री ९.५०

असतो. सकाळी सहाला खाणीपाशी या. कोयता आमच्याकडे आहे, तुम्ही जाड हातमोजे आणि पाणी आणा. कॅमेराही आणा, जाळरेषेच्या पट्ट्यात एका बोरीवर परवा हिरवी लिंक्स बसलेली दिसलीय, पिशवीसकट. ती बोर सोडून आम्ही पट्टा वळवतोय.